बारा गाईंची पंगत

आमच्या संशोधन आणि विकास विभागाची पाटी विभागापेक्षा मोठी आहे. ही तक्रार नाही, मोजमाप आहे. पाटी दाराच्या दोन्ही बाजूंना हातभर बाहेर येते. आत एक ओव्हन, एक तराजू, पाण्याची एक काचेची टाकी, दोन खुर्च्या आणि मी. दुसऱ्या खुर्चीवर बसणारा केमिस्ट नोकरी सोडून पुण्याला गेला, तेव्हा त्याच्या जागी संचालकांनी एक शोभेची कुंडी पाठवली. ती अजून आहे. कामाला केमिस्टपेक्षा फारशी कमी नाही.

नाशिकजवळ पशुखाद्य आणि मत्स्यखाद्य बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी पोषणतज्ज्ञ आहे. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी सरळ सांगते की गाईम्हशींनी आणि माशांनी काय खावं ते मी ठरवते. "म्हणजे डाएटिशियन!" असं म्हणून बायका स्वतःच्या वजनाचा विषय काढतात. वजन वाढवण्यात माझा हात चांगला आहे, असं सांगितलं की विषय बदलतो.

नोकरीतली पहिली काही वर्षं माझी माशांत गेली. द्राक्षवाल्यांच्या शेततळ्यांत मासे सोडायचं वेड तेव्हा आमच्या भागात नवीन होतं. माझं काम म्हणजे पाण्यात टाकलेली गोळी किती वेळ तरंगते, किती वेळात विरघळते, हे काचेच्या टाकीसमोर घड्याळ धरून बघणं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, बाई ध्यान करतेय. माशांचा एक मोठा गुण असा की शेजारच्याला काय वाढलंय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. पुढे जे घडलं त्यानंतर या गुणाची किंमत मला कळली.

आमच्या धंद्यात एक सवय सगळ्यांना लागते, पण ती कोणी पाहुण्यांसमोर कबूल करत नाही. आम्ही खाद्य चावून बघतो. सरकी पेंड ताजी आहे की खवट, मक्याला बुरशीचा वास आहे का, मळी जास्त झाली का, हे यंत्राच्या आधी जिभेला कळतं. माझ्या पर्समध्ये नेहमी चारदोन गोळ्या असतात. एकदा नवऱ्याने बडीशेप समजून एक तोंडात टाकली. "बरी आहे," तो म्हणाला, "पण मीठ कमी आहे." त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवलं.

तर, द्राक्षाचा चोथा.

आमच्याकडे वाईन बनवणारे कारखाने आहेत हे आता सगळ्यांना माहीत आहे. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांगच सांगते. पण रस काढून घेतल्यावर साली, बिया आणि देठांचा जो ढीग मागे उरतो, त्याचे फोटो कोणी काढत नाही. दोन दिवसांत तो आंबतो, चिलटं जमतात. मला त्या ढिगाने चार वर्षं वेड लावलं होतं. तो वाळवून, दळून गाईच्या खाद्यात गव्हाच्या कोंड्याच्या जागी घालता आला तर? कोंडा महाग होत चाललेला, आणि चोथा लोक टाकून देत होते. अडचण एकच होती, चोथा तुरट असतो. हा तुरटपणा गाईच्या पोटात प्रथिनांना धरून ठेवतो, आणि दूध कमी होण्याचा धोका असतो. किती घातला तर चालेल आणि कुठे थांबावं, एवढाच प्रश्न होता. या एवढ्याशा प्रश्नासाठी मी चार उन्हाळे गच्चीवर चोथा वाळवला. घरच्यांनी ते सोसलं. कावळ्यांनी त्याचा आनंद घेतला.

आमच्या संचालकांना चोथा हा शब्द आवडत नसे. ते सज्जन गृहस्थ आहेत, पण कुठल्याही गोष्टीचं उद्घाटन केल्याशिवाय ती अस्तित्वात आली असं त्यांना वाटत नाही. आमच्या कारखान्यात पाणी पिण्याच्या फिल्टरचंही फीत कापून उद्घाटन झालं होतं. त्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमच्या त्या द्राक्षवाल्या सोल्यूशनचं काय झालं?"

"सर, गाईंवर प्रयोग राहिलाय."

"तो उरकून घ्या. पावसाळ्याच्या आत रिझल्ट हवा. आला तर दणक्यात लाँच करू. नाही आला तर..." त्यांनी माझ्या विभागाच्या दिशेने हात केला. "त्या खोलीत अनुभव केंद्र करायचा विचार आहे. ग्राहक येईल, स्क्रीनवर गाय बघेल, ब्रँड अनुभवेल."

"खरी गाय बाहेर गोठ्यात असते, सर."

"तेच तर. तिथे एसी नसतो."

थोडक्यात, माझा चोथा टिकला तर माझी खोली टिकणार होती.

प्रयोगासाठी मला एकसारख्या बारा दुभत्या गाई आणि नोंदी नीट ठेवणारं घर हवं होतं. दिंडोरीच्या पुढे, वणीच्या रस्त्याला, ते मिळालं. गोठा चालवणाऱ्या बाई पंचावन्नच्या आसपासच्या. सगळा गाव त्यांना मावशी म्हणतो, म्हणून मीही म्हणू लागले. मुलगा सातपूरला कंपनीत. गोठा सासू-सुना बघायच्या. सून बारावी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक गाईचं दूध मोजून वहीत लिहायचं काम तिने घेतलं. मावशींनी खाद्य घालायचं काम घेतलं, आणि मला सुनावायचंही.

मी गाईंच्या कानात नंबरांचे बिल्ले लावले. मावशींना ते आवडलं नाही. "नावं हायेत त्यांना," त्या म्हणाल्या. त्यांनी बाराही नावं सांगितली. माणसांचीच नावं घ्यायची नाहीत असं मी हे लिहिताना ठरवलं आहे, तेव्हा गाईंचीही राहू देते. पण त्यातली निम्मी त्यांच्या नणंदांची होती आणि ज्या गाई लाथ मारायच्या त्यांना दिली होती, एवढं सांगायला हरकत नाही.

गोठ्यात समोरासमोर दोन दावणी होत्या, सहा-सहा गाईंच्या. एका दावणीला आमचं नेहमीचं खाद्य, दुसरीला चोथ्याचं. पोत्यांवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहिलेलं. कुठलं कोणतं, ते मावशींना सांगायचं नाही, म्हणजे नकळतही कोणाचं माप झुकतं पडणार नाही. ती चिठ्ठी माझ्या कपाटात कुलपात होती. आठ आठवडे असं चालवायचं आणि दोन्ही दावणींचं दूध ताडून बघायचं. सगळं पुस्तकाप्रमाणे.

"म्हंजी एकीकडं भारीतलं अन् एकीकडं हलकं," मावशी पोत्यांकडे बघत म्हणाल्या.

"हलकं-भारी नाही, मावशी. वेगवेगळं."

"वेगळं कशाला मग?"

"तेच बघायचंय."

त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती असं मी वहीत लिहिलं. पुढची सगळी गडबड मी त्या एका मानेच्या अर्थावर उभी केली.

चैत्र होता. वणीला चालत जाणारे भक्त रस्त्याच्या कडेने झेंडे घेऊन निघालेले, आणि त्यांच्यामागे आमची कंपनीची गाडी बैलगाडीच्या वेगाने. दर गुरुवारी अकराच्या सुमारास मी पोचायचे. गाई रवंथ करत बसलेल्या असायच्या. पोती दोन्ही ढिगांतून सारखी कमी होत होती. सुनेची वही आरशासारखी स्वच्छ. मी आकडे उतरवून घ्यायचे, गव्हाणीत उरलेलं खाद्य बघायचे, शेण बघायचे. शेण बघणं हा आमच्या शास्त्राचा कणा आहे; भाषणांत त्याचा उल्लेख नसतो. शेण किंचित काळपट दिसत होतं, साली खाल्ल्या की दिसतं तसं. बाराही गाईंचं दिसत होतं. मी ते पाहिलं, आणि गोठ्यात उजेड कमी आहे असं म्हणून सोडून दिलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आठ आठवडे पूर्ण झाले. मी दोन्ही दावणींच्या दुधाच्या रेषा कागदावर काढल्या. त्या एकमेकींवर अशा बसल्या की मला वाटलं एकच काढली आहे. चोथा घालून दूध थेंबभरही कमी झालं नव्हतं. कोंडा वाचला, चोथा खपला, खोली वाचली. एरवी बँकेचं पत्रकसुद्धा दोनदा तपासणारी मी, त्या दिवशी एकदाही तपासलं नाही. जे ऐकायचं असतं ते ऐकू आलं की माणूस कान टवकारत नाही.

संचालकांना फोनवर सांगितलं. पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत माझ्या मोबाईलवर फलकाचं चित्र आलं. हिरवेगार डोंगर, मागे बर्फ, पुढे घंटा बांधलेली गाय, आणि खाली 'पशुपोषणातील क्रांती'. बर्फ वणीच्या बाजूला कधी पडलं ते मी विचारलं नाही. मीही हवेत होते.

दुसऱ्या दिवशी मी आभार मानायला गोठ्यावर गेले. मावशींनी जेवायला थांबवलं. ओसरीवर पंगत मांडली. मी, आमचा ड्रायव्हर, आणि शेताला पाणी भरून आलेले मावशींचे यजमान. आमरसाचं पातेलं आलं. मला साखरेचा त्रास आहे, म्हणून मी वाटीवर हात ठेवला.

"मला रस नको, मावशी. भाकरी आणि भाजी पुरे."

"असं कसं?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर हितं जेवायला हाय का?" मावशींनी माझा हात बाजूला केला आणि वाटी भरली. "एका पंगतीत तिघांनी बसायचं, दोघांनी रस खायचा अन् एकीनं कोरडी भाकरी? अवो ताई, मी गाईंत कधी पंक्तिभेद केला नाय, तर तुमच्यात करू?"

मी हसले. मग हसायची थांबले.

"गाईंत म्हणजे?"

"तुमचं ते अ अन् ब. दोन पोती येकदम फोडायची, त्या पाण्याच्या मोठ्या निळ्या टिपात ओतायची, फावड्यानं हालवायची अन् समद्यांना सारखं. येका गोठ्यात समोरासमोर बसवून येकीला येक अन् येकीला येक घालायचं, त्या बघत्यात ना येकमेकीकडं! कुणाच्या घरी करता असं?"

"पहिल्या दिवसापासून?"

"पयल्या दिवसापासून," त्या अभिमानाने म्हणाल्या. "एक दिवस चुकले नाय."

"आत्या, तुम्ही ताईंना सांगितलं नव्हतं?" दारातून सुनेने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वही तिची होती.

"ताईंनी इचारलं का?"

विचारलं नव्हतं. दूध विचारलं, उरलेलं खाद्य विचारलं, गाईंची तब्येत विचारली. खाद्य कसं घालता हे एकदाही नाही, कारण ते मी सांगितलं होतं, आणि आपण सांगितलेलं कोणी ऐकलं का हे विचारायची शिकलेल्या माणसाला सवय नसते. दोन्ही रेषा जुळणारच होत्या. बारा गाई आठ आठवडे एकच जेवण जेवल्या होत्या.

मी रस खाल्ला. दीड वाटी.

परतताना मी हिशोब केला, आकड्यांचा नव्हे, मनाचा. फलक छापायला गेला होता. चुकीचं कोणी काही बोललं नव्हतं. वहीतलं दूध खरं होतं. दिंडोरी जाईपर्यंत मी गप्प बसायचं ठरवलं होतं. म्हसरूळ येईपर्यंत तो निश्चय पातळ झाला. यात माझ्या सचोटीचं कौतुक नको. खरं कारण वेगळंच होतं. चार वर्षं मी एक प्रश्न घेऊन बसले होते, आणि त्याचं उत्तर अजून कोणालाच माहीत नव्हतं. ते न कळताच फीत कापली गेली असती, तर मला ते पुढे कधीच शोधता आलं नसतं. क्रांती झाल्यावर प्रयोग कोण करू देतं?

कार्यालयात पोचल्यावर मी थेट केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं.

संचालक पेपरवेट फिरवू लागले. "पण गाई आनंदात आहेत ना?"

"खूप."

"मग निम्मं घातलं तरी चालतं, हे तर सिद्ध झालंच."

"कशाच्या तुलनेत, सर? एप्रिलमध्ये वाळका कडबा होता, आता विहिरीच्या पाण्यावरचा हिरवा चारा आलाय. दूध चोथ्याने टिकलं की चाऱ्याने, हे गाईलाही सांगता यायचं नाही."

"आणखी कोणाला माहीत आहे हे?"

"मावशी, त्यांचे यजमान, सून, बारा गाई, ड्रायव्हर. आणि आता तुम्ही."

ड्रायव्हरचं नाव ऐकून त्यांनी डोळे मिटले. आमच्या कारखान्यात ड्रायव्हरला कळलेली गोष्ट चहाच्या आधी गेटवर पोचते.

"समजा फलक लावला," मी म्हटलं, "आणि पहिल्याच महिन्यात चार शेतकऱ्यांचं दूध उतरलं. ते गाय घेऊन येतील, सर. अनुभव केंद्रात."

एसी खोलीत खरी गाय उभी आहे असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं, कारण पेपरवेट थांबला. "दिवाळीपर्यंत," ते म्हणाले. "एकदाच. आणि या वेळी त्या बाईंना नीट समजावून सांगा."

समजावून सांगायला गेले, तर मला समजावण्यात आलं. मी दुधाचा, विज्ञानाचा, शेतकऱ्यांच्या फायद्याचा, सगळ्याचा आधार घेतला. मावशी ज्वारी निवडत ऐकत होत्या.

"ताई, तुमचं काम मोडलं ह्याचं मला लय वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण समोरासमोर बसवून दोन तऱ्हेचं नाय वाढायची मी. दुसरं काय बी सांगा."

गोठा बदलावा का, हा विचार मनात आला. पण ज्या बाईने आठ आठवडे एकही दिवस न चुकवता चूक केली, तिच्याइतकं नेमाने काम करणारं दुसरं कोण मिळणार होतं? मग मला कॉलेजच्या पुस्तकातलं एक प्रकरण आठवलं. गाई कमी असल्या की एकाच गाईला आळीपाळीने दोन्ही खाद्यं द्यायची आणि तिची तुलना तिच्याशीच करायची, अशी पद्धत आहे. चांगली पद्धत आहे. मी ती पहिल्यांदा घेतली नव्हती, कारण वेळ जास्त लागतो आणि संचालकांना घाई होती. खरं सांगायचं तर आकडेमोडही जास्त लागते, आणि त्याचा मला कंटाळा होता.

"समजा," मी म्हटलं, "आधी काही आठवडे ही दावण अ खाईल आणि ती दावण ब. मग उलट. मग पुन्हा उलट."

मावशींचा हात सुपात थांबला. "म्हंजी शेवटाला समद्यांनी समदं खाल्लेलं असंल?"

"हो. सारखंच."

"शेतीच्या लायटीवानी. येक आठवडा दिवसा, येक आठवडा रातचा."

"अगदी तसंच."

"मग हा पंक्तिभेद नाय," त्यांनी निकाल दिला. "ही पाळी हाय. पाळी मान्य हाय."

विद्यापीठात जे समजायला मला एक सत्र लागलं होतं, ते मावशींनी अर्धं सूप ज्वारी निवडताना मान्य केलं. फक्त एक शंका त्यांनी काढली. खाद्य बदललं की गाय पहिल्या दिवसांत बिचकते, मग ते दूध मोजायचं कसं? मी सांगितलं की प्रत्येक पाळीचा पहिला आठवडा लिहायचा, पण निकालात धरायचा नाही. शिकवल्याशिवाय ही शंका काढणारं मला तोवर कोणी भेटलं नव्हतं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "नवी सून आली की पयला आठवडा कुणी मोजत नाय."

"माझा मोजला होता," आतून सुनेचा आवाज आला.

"तुझा पयलाच दिवस मोजावा लागला. चहात मीठ घातलं व्हतं."

"डब्यावर नाव नव्हतं, आत्या!"

"म्हणून तर ताई पोत्यावर लिहित्यात!" मावशी म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की दावणीच्या गाईंनी माना वळवल्या.

दुसरा प्रयोग ऑगस्टमध्ये सुरू झाला. या वेळी मी सकाळी सहाला, खाद्य घालायच्या वेळी जाऊ लागले. अविश्वासाने नव्हे, निदान मावशींना तसं सांगितलं. मावशी एकेका गाईपुढे घमेलं रिकामं करत आणि जिची पाळी साध्या खाद्याची असे (वासावरून ते त्यांना केव्हाच कळलं होतं) तिला सांगत, "तुझी पाळी पुढल्या महिन्यात, बाई. दम धर." निळं टिप त्यांनी स्वतःच उलटं करून ठेवलं होतं, आणि त्यावर कोंबडी बसत असे.

चोथ्याच्या पाळीचे पहिले दिवस वाईट गेले. गाई हुंगायच्या, नाक उडवायच्या, निम्मं तसंच ठेवायच्या. नणंदेच्या नावाच्या एका गाईने तर घमेल्याला लाथ मारली. दूध उतरलं. थोडंच, पण उतरलं. पहिल्या प्रयोगात हे आम्हाला कधी दिसलंच नसतं. मी गोळी चावून बघितली. तुरटपणा जिभेला चिकटत होता. त्या आठवड्यात माझी खोली मला अनुभव केंद्रासारखी दिसू लागली होती. कुंडी कुठे ठेवतील, याचाही विचार करून झाला.

पण आठवडा उलटला आणि त्याच गाई घमेलं चाटू लागल्या. दूध पुन्हा वर आलं, आणि पाळी संपेपर्यंत तिथेच राहिलं. पाळी बदलली. समोरची दावण बिचकली, उतरली, सावरली. तिसऱ्या पाळीतही तेच. ऑक्टोबरच्या अखेरीस मी रेषा काढल्या. या वेळी दोन्ही ठळक वेगळ्या दिसत होत्या. प्रत्येक बदलाशी एक खळगा, आणि मग दोघी शेजारी शेजारी, सरळ. मी तो कागद कितीतरी वेळ नुसता बघत बसले. जून महिन्यातल्या त्या जुळ्या रेषांनी मला इतका आनंद दिला नव्हता. त्या गुळगुळीत होत्या. या खऱ्या होत्या. चोथा चालत होता. फक्त त्याला पहिला आठवडा हवा होता.

उपाय दोन होते. मळी थोडी वाढवली, म्हणजे तुरटपणा झाकला जाईल. आणि पोत्यावर सूचना छापायचं ठरलं. सूचनेचा मसुदा मी लिहिला आणि वाचून दाखवायला गोठ्यावर नेला. 'पहिला आठवडा हे खाद्य जुन्या खाद्यात निम्मे-निम्मे मिसळून, सर्व जनावरांना सारखे द्यावे.'

मावशींनी शांतपणे ऐकलं. मग सुनेकडे वळल्या. "मी काय करत व्हते गं उन्हाळ्यात?"

"हेच, आत्या."

"मग तवा माझ्यावर रुसायला काय झालं व्हतं ताईंना?"

मी मसुद्याची घडी करून पर्समध्ये ठेवली.

संचालकांनी अहवाल वाचला. म्हणजे शेवटचं पान वाचलं. 'क्रांती' हा शब्द फलकावरून गेला, कारण पहिला आठवडा मिसळून द्यायची क्रांती कोणी ऐकलेली नाही. बर्फही गेलं. त्यांनी माझ्या दाराशी येऊन पाटीकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे ही खोली. पण त्या बाईंचा सत्कार मी स्वतः करणार. हॉलमध्ये. शाल, श्रीफळ, मानपत्र."

हॉलला मावशींनी नकार दिला. धारेची वेळ चुकते. मग सत्कारच गोठ्यावर आला. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दोन गाड्या, एक ध्वनिक्षेपक, एक फोटोग्राफर आणि घडी न मोडलेली शाल असा लवाजमा दावणीसमोर उभा राहिला. संचालकांनी 'भगिनी' या शब्दाने भाषण सुरू केलं. गाई रवंथ करत ऐकत होत्या. मी पाहिलेल्या सगळ्या श्रोत्यांत त्या सर्वांत सभ्य होत्या. शाल उलगडली गेली. मावशी दोन पावलं मागे सरकल्या.

"मला येकटीलाच?"

"हो, तुमचाच सत्कार आहे."

"वही हिनं लिहिली." मावशींनी सुनेला दंडाला धरून पुढे ओढलं. "अन् खाल्लं ह्यांनी." त्यांनी दावणीकडे हात केला. "समोर बसवून येकीलाच घालायचं? साहेब, हे तुमच्या ताईंना इचारा. आपल्या गोठ्यात चालत नाय."

संचालकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. गोठ्याचा नियम मला पूर्ण ठाऊक होता, आणि त्याची किंमत मी एकदा मोजलेली होती.

माणूस सज्जन आहे, हे मी आधी म्हटलंच आहे. त्यांनी ध्वनिक्षेपक बंद करवला आणि ड्रायव्हरला पिटाळलं. रस्त्याच्या पलीकडे झेंडूचा मळा होता. दिवाळीसाठी माळा ओवायचं काम तिथे चालूच होतं. अर्ध्या तासात सुनेसाठी दुसरी शाल शेजारच्या घरातून आली, आणि झेंडूच्या बारा माळा आल्या, केशरी आणि पिवळ्या. आमच्या संचालकांनी, इस्त्रीच्या शर्टात, एकेका गाईच्या गळ्यात स्वतःच्या हाताने माळ घातली. नणंदेच्या नावाच्या गाईने लाथ उचलली, पण मारली नाही. मावशी आणि सून शाली सावरत उभ्या होत्या. फोटोग्राफर सगळ्यांना एका चौकटीत बसवायला मागे मागे जात शेणात गेला.

पहिली माळ खाल्ली उजव्या दावणीतल्या कोपऱ्यातल्या गाईने, शेजारणीच्या गळ्यातली. मग शेजारणीने तिची. बघता बघता दोन्ही दावणी एकमेकींचे हारतुरे चावू लागल्या, आणि मानपत्र वाचून व्हायच्या आत बारापैकी एकीच्याही गळ्यात फूल उरलं नाही. मावशी डोळे पुसत हसत होत्या. संचालक आधी ओरडले, मग तेही हसायला लागले. मी त्यांना ओळखते त्या बारा वर्षांत, फीत न कापता हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

सुनेची वही संपायला अजून चार पानं बाकी होती, म्हणून ती सवयीने लिहीतच होती. संध्याकाळी धार काढून झाल्यावर तिचा फोन आला.

"ताई, दूध चढलंय. बाराही जणींचं. निकालात धरायचं का?"

"नको," मी म्हटलं. "फक्त लिहून ठेव."

फोन ठेवला आणि पर्समधून पेन काढताना हाताला झेंडूचं एक फूल लागलं. कधी ठेवलं ते आठवेना. एक पाकळी चावून बघितली. तुरट होती, पण चोथ्याइतकी नाही.